तांब्याच्या नळीतलं पाणी

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारं एक कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड. ते हातात घेतलं की पहिल्यांदा जाणवतं त्याचं वजन. एवढ्याशा वस्तूच्या मानानं ते फारच जड लागतं. उघडून पाहिलं की कळतं, या वजनातला मोठा वाटा चित्र काढणाऱ्या सामानाचा नाहीच. त्या सामानाला थंड ठेवणाऱ्या धातूचा आहे. यंत्रं गणित कशी करू लागली, चित्रं कशी काढू लागली, याच्या कहाण्या आपण पुष्कळ ऐकल्या. ती गार कशी राहिली, हे फारसं कुणी सांगत नाही. आज ते सांगावं म्हणतो.

निलंग्यात संगणक दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. वर पत्रा, आत दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. लग्नाच्या शूटिंगचं काम करणाऱ्या एका मुलाचं कार्ड तिथं आलं होतं. आपल्याकडे लग्नसराई आणि उन्हाळा जोडीनंच येतात. दिवसभर फिल्म जोडायची, संध्याकाळी नवरीकडच्यांच्या हाती द्यायची, आणि नेमकं दुपारी दोनला मशीन बंद पडायचं. सकाळी ठीक, रात्री ठीक, दुपारी बंद. दुकानातल्या पोरानं न उघडताच निदान केलं, "काही बिघडलं नाही चाचा, तापलंय नुसतं."

त्यानं आधी दोन पंखे काढले. पंख्यांच्या पाठीमागं ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्यांची दाट ओळ होती, जुन्या वहीच्या पानांसारखी, आणि पानापानांत काळ्या मातीची बारीक धूळ अशी बसलेली, की वाकळ पांघरल्यासारखी दिसावी. मग पाठीमागचे स्प्रिंगचे चार स्क्रू ढिले केले आणि तो सगळा पसारा हलकेच वर उचलला. खाली राहिली एक पाटी. मधोमध आरशासारखी चकचकीत चौकोनी चिप, अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्याभोवती स्मृतीच्या सहा काळ्या चौकटी. एका कडेला छोट्या चौकोनी डब्यांची रांग. ती बारा व्होल्टची वीज साधारण एका व्होल्टवर आणते. व्होल्ट उतरले की प्रवाह चढतो. नखाएवढ्या त्या चकतीत सत्तर-ऐंशी अँपिअर जातात.

चिपवर वाळलेल्या चुन्यासारखा एक थर होता. पोरानं तो कापसानं पुसला. "ही पेस्ट वाळली की संपलं," तो म्हणाला. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्येही बारीक खड्डे असतात, त्यांत हवा राहते, आणि हवा उष्णता नेण्यात फार आळशी. ते खड्डे भरायला ही पेस्ट. जास्त लावली तरी बिघडतं, कमी लावली तरी बिघडतं. पानाला चुना लावणाऱ्याचा अंदाज हवा.

ते कार्ड २०१६ च्या पिढीतलं, मध्यम दर्जाचं, १२० वॅटचं. त्या चिपमध्ये ४४० कोटी ट्रान्झिस्टर असतात. ती चित्रं काढते, फिल्म जोडते, हे खरं. पण विजेच्या हिशेबानं पाहिलं तर ती एक शेगडी आहे. कार्डात जाणारी वीज जवळजवळ सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. १२० वॅट म्हणजे जुने साठचे दोन बल्ब, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण जागा बघा. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळवा दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे पाच वॅट. या चिपच्या चौरस सेंटिमीटरमागे चाळीसच्या वर येतात. इस्त्री तापावी म्हणून बनवलेली असते. ही तापली की मरते.

आता निलंग्याच्या दुपारचा हिशेब. समजा चिप खोलीतल्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंश जास्त तापते. खोली पंचवीस अंशांवर असेल तर चिप सत्तरवर राहील, मजेत काम करील. मे महिन्यात पत्र्याखाली बेचाळीस असतील तर चिप सत्त्याऐंशीवर जाईल, आणि ऐंशी ओलांडल्यावर अशी कार्डं जीव वाचवायला स्वतःच मंदावतात. त्यात धुळीची वाकळ. पंखा कितीही फिरला तरी तो खोलीतलीच हवा मारतो. खोलीपेक्षा गार तो काहीच करू शकत नाही. कुठल्या तरी गार देशात, गार खोलीत आखलेलं यंत्र आपल्या उन्हाळ्यात येऊन पडतं आणि त्याचा भार त्या लग्नाच्या शूटिंगवाल्यावर येतो.

ही तापण्याची गोष्ट जुनी आहे. ज्यांच्या घरी वॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवेल, तो लावला की आधी तापायचा, मग बोलायचा. आपल्या देशात बांधलेला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणकही असाच होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला, १९६० साली चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफ्रॅक. त्यात २,७०० वॉल्व्ह होते. एका रेडिओत पाच-सहा वॉल्व्ह धरले तर साडेचारशे-पाचशे रेडिओ एका कपाटात कोंबल्यासारखं झालं. कपाट अठरा फूट लांब, आठ फूट उंच, दोन्ही बाजूंना पोलादी दारं. आणि त्याला एक पडदा होता, टीव्हीच्या नळीसारखा, ज्यावर आलेख आणि अक्षरं उमटत. आज निलंग्यातल्या टेबलावर जे उघडं पडलं होतं त्याचा एक पूर्वज तिथं, कुलाब्याला, समुद्राकाठी होता.

ट्रान्झिस्टर आला, चिप आली, तशी यंत्रं थंडावली. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्या पडद्याच्या कार्डावर ना पंखा होता ना पाकळ्या. त्या काळचं एक कार्ड त्याच दुकानात एका डब्यात पडलेलं आहे. उघडायला त्यात काहीच नाही, सगळं उघडंच. तळहातावर ठेवलं तर पोस्टकार्ड ठेवल्यासारखं वाटतं. अक्षरं काढायला उष्णता ती किती लागणार?

पण ती अक्षरं आपली नव्हती. कार्डाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे साचे भरलेले असत. देवनागरीतलं जोडाक्षर त्याला ठाऊकच नव्हतं. कानपूरच्या आयआयटीत यावर काम झालं, आणि पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था निघाली तेव्हा ते काम, मोहन तांबे यांच्यासह, पुण्याला आलं. त्यातून जे बाहेर पडलं त्याला जिस्ट कार्ड म्हणत. पीसीच्या खाचेत ते बसवायचं, की त्याच पडद्यावर मराठी, कन्नड, तेलुगू दिसू लागायचं. क वर रफार चढायचा, त्र नीट जुळायचा. माझ्या घरात दोन लिप्या नांदल्या. आईची उर्दू उजवीकडून निघायची, माझी मराठी डावीकडून. ही दोन्ही वळणं एकाच यंत्रात बसवण्याचं काम पुण्यातल्या त्या मंडळींनी केलं, हे समजलं तेव्हा मला कुठल्याही सुपरकॉम्प्युटरपेक्षा त्याचं अप्रूप जास्त वाटलं. पुढे हे काम साध्या सॉफ्टवेअरनं होऊ लागलं आणि जिस्ट कार्डाचं काम संपलं. ज्या कार्डांनी आपल्याला अक्षर दिलं त्यांची धग कधी कुणाच्या हाताला लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

धग आली खेळांमुळे. पडद्यावरची भिंत खरी वाटायला हवी, पळणाऱ्याची सावली हलायला हवी, तर प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला तीस-साठ वेळा नव्यानं ठरवावा लागतो. १९९६-९७ पासून यासाठी वेगळी कार्डं मोठ्या प्रमाणात खपू लागली. १९९९ मध्ये एनव्हिडिया या कंपनीनं जे कार्ड काढलं त्यावर चिपला चिकटून छोटा पंखा होता. २००३ च्या त्यांच्या एका कार्डाचा पंखा एवढा गरजायचा की लोक त्याला धूळ ओढणारं यंत्र म्हणू लागले. कंपनीनं स्वतःच त्याची टिंगल करणारी फिल्म काढली, हे मात्र दिलदारपणाचं. पाच वर्षांनी हसण्यासारखं काही राहिलं नाही. चिप तापते तेव्हा फुगते, निवते तेव्हा आकसते. खालचं डाखकाम रोज असं ताणलं गेलं की एक दिवस तडकतं. २००८ मध्ये लॅपटॉपच्या चिपा अशाच निकामी होऊ लागल्या आणि त्याच कंपनीला भरपाईपोटी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

आता टेबलावरच्या त्या पसाऱ्यातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू. चिपवर टेकणाऱ्या तांब्याच्या तुकड्यातून दोन नळ्या निघून पाकळ्यांमध्ये शिरल्या होत्या. करंगळीहून बारीक, तांब्याच्याच. मला वाटलं भरीव सळया असतील. पोर म्हणाला, "पोकळ हाय. आत पाणी असतंय." किती? चमचाभरही नाही.

ही नळी म्हणजे फार सुरेख कल्पना आहे. आतली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे पाण्याला उकळायला शंभर अंश लागत नाहीत, पुष्कळ कमी लागतात. चिपकडच्या टोकाला पाणी उकळतं आणि वाफ होताना उष्णता उचलतं. वाफ दुसऱ्या टोकाला पळते, तिथं पाकळ्यांना लागून निवते, उष्णता टाकते आणि पुन्हा पाणी होते. नळीच्या आतल्या बाजूला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं त्या थरातून पाणी परत चिपकडे येतं. ना मोटार, ना पंप. पुन्हा उकळायचं, पुन्हा निवायचं. तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा ही पोकळ नळी कितीतरी पट जास्त उष्णता नेते.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये अशा नळीचं पेटंट मिळालं होतं. ते तसंच पडून राहिलं. १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, अवकाशयानांसाठी. अवकाशात हवा नाही, म्हणजे पंखा निरुपयोगी. उपग्रहाची एक बाजू उन्हात भाजते, दुसरी सावलीत गोठते. इकडची उष्णता तिकडे न्यायला ही नळी. आपल्या इस्रोच्या उपग्रहांतही अशा नळ्या असतात, त्यांत अमोनिया भरतात. तिथून ती लॅपटॉपमध्ये आली, कार्डावर आली, आणि निलंग्यात त्या टेबलावर.

पण तिचं निम्मं तत्त्व आपल्या कुंभाराला आधीपासून ठाऊक होतं. माठ काय करतो? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यावर उडतं, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. मराठवाड्याच्या कोरड्या वाऱ्यात माठाचं पाणी दातांना कळ लावतं. कोकणातल्या दमट हवेत तोच माठ नुसता घामेजून बसतो. वाळ्याचा पडदा, त्याच्यामागून आलेला पत्र्याचा कूलर, सगळे एकाच घराण्यातले. रोगही सारखेच. बोअरच्या क्षारांनी माठाची छिद्रं बुजतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तो गार करेनासा होतो. कार्डाच्या पाकळ्या धुळीनं बुजतात.

फरक एकच, पण तो सगळ्यात मोठा. माठाचं पाणी उडून जातं, रोज भरावं लागतं. नळीतलं पाणी परत येतं. कारखान्यात एकदा भरलेलं ते चमचाभर पाणी कार्ड भंगारात जाईपर्यंत पुरतं.

मोठ्या यंत्रांची गोष्ट इथून वेगळी होते. ऐंशीच्या दशकात आपल्याला अमेरिकेचा क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. जो मागितला तो त्यांनी दिला नाही. त्याहून कमी ताकदीचा, फक्त हवामानासाठी, दिल्लीला १९८९ मध्ये आला. त्या कंपनीचा १९८५ चा क्रे-२ तर सबंधच्या सबंध एका द्रवात बुडवलेला असे, काचेच्या हौदातल्या माशासारखा. आपण पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० बनवला, १९९१ मध्ये. एक बलाढ्य मेंदू मिळत नाही ना, मग साधे पुष्कळ मेंदू एकत्र जुंपा, ही त्याची युक्ती. ग्राफिक्स कार्डातही अखेर तेच आहे. लग्नाच्या त्या कार्डात १,२८० छोटी गणनकेंद्रं होती. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लोकांनी ही खेळांची कार्डं उचलली आणि हजारोंनी दालनांत रचली. सी-डॅकच्या पुण्यातल्या ऐरावत या यंत्रातही, जे २०२३ मध्ये जगाच्या यादीत ७५ वं आलं, एनव्हिडियाच्याच चिपा आहेत. घरगुती कार्डही आता कुठल्या कुठे गेलं: २०२५ मध्ये आलेलं सगळ्यात मोठं कार्ड ५७५ वॅट खातं.

नळी उष्णता चिपपासून पाकळ्यांपर्यंत नेते. पाकळ्यांपासून पंखा ती खोलीत टाकतो. खोलीतून तिला कुठे टाकायचं? उष्णता नाहीशी होत नाही, फक्त हलवता येते. एका कार्डाची गोष्ट असेल तर खिडकी उघडली की झालं. हजारो कार्डांचं दालन असलं की बऱ्याच ठिकाणी छपरावर पाण्याचे मनोरे लावतात. पाणी वरून सोडतात, वारा खेळवतात, थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होतं. म्हणजे पुन्हा माठच, पण तीन मजली.

मी बी.ए. झालेला माणूस, तरी हा हिशेब वहीत मांडता येतो. एक लिटर पाणी उडताना साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता नेतं. एक मेगावॅटच्या दालनाची सगळी उष्णता अशी उडवायची म्हटली तर तासाला दीड हजार लिटर, दिवसाला छत्तीस हजार लिटर. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर. लातुरात तेव्हा पाणवठ्यांवर १४४ कलम लावावं लागलं होतं. त्या गाडीचं पाणी एक मेगावॅटच्या दालनाला चौदा दिवस पुरलं असतं. आज दालनं दहा, वीस, पन्नास मेगावॅटची बांधतात. वीस मेगावॅटच्या दालनाला ती गाडी एक दिवसही पुरणार नाही.

पाण्याचा असा वापर आपल्याकडे कधी नव्हता असं नाही, पण तो हिशेबी होता. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, पाणचक्कीच्या हौदाखाली एक ऐसपैस दालन आहे. हौदाचा तळ हेच दालनाचं छत. वर पाणी, खाली यात्रेकरू, आणि भर उन्हाळ्यात गारवा. नहरीतून आलेलं तेच पाणी चक्की फिरवायचं आणि पुढे जायचं. गारवा हा जाता जाता मिळालेला.

आताची काही नवी दालनं पाणी उडवत नाहीत. बंद नळ्यांमधून तेच ते पाणी चिपपर्यंत फिरवतात आणि बाहेर मोठ्या पंख्यांनी निववतात, कार्डावरच्या नळीसारखंच. त्यात पाणी वाचतं, पण पंख्यांना आणि शीतयंत्रांना वीज जास्त लागते. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, आणि कोळशाच्या वीज केंद्रालाही वाफ निववायला पाणीच लागतं. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता. पाणी नव्हतं.